होडीला लावलेला हात

आमच्या किनाऱ्यावर होडी येताना दिसली की आसपास जो असेल तो तिला हात लावायला जातो. बोलवावं लागत नाही. कोणी सुरूच्या झाडाखाली तंबाखू मळत बसलेला असतो, कोणी सकाळी फिरायला आलेला निवृत्त मास्तर असतो. सगळे पँटी-लुंग्या गुडघ्यापर्यंत वर घेतात आणि ओरडत, एकमेकांना शिव्या देत होडी ओल्या वाळूवरून कोरड्या वाळूवर आणतात. मग होडीवाल्यांच्या घरातली बाई टोपलीत हात घालते आणि ज्याने ज्याने हात लावला त्याच्या पिशवीत ओंजळभर मासळी टाकते. कधी मांदेली, कधी बोंबील, जाळ्यात काही लागलंच नसेल तर नुसता जवळा. याला कोणी मजुरी म्हणत नाही. कोणी मागत नाही, आणि दिलेलं कोणी नाकारत नाही. आमच्याकडे या गोष्टीला वेगळं नावही नाही. "होडीला हात लावून आलो," एवढंच म्हणतात.

हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या बाबांच्या बाबतीत पुढे जे झालं ते या ओंजळभर मासळीवरून झालं.

आम्ही कोळी नाही. रेवदंड्याच्या अलीकडे, कोळीवाड्याला लागून आमची थोडी घरं आहेत. आजोबांच्या वेळी थोडीफार भातशेती होती, ती हळूहळू गेली. बाबा तरुणपणीच कारखान्यात लागले. अलिबागच्या पुढे, रस्त्यापासून आत, रंग तयार करणारा एक कारखाना होता. रंगाने भरलेल्या डब्यांवर झाकण दाबून बसवणाऱ्या मशीनवर बाबा उभे राहायचे. कारखान्याची बस पहाटे नाक्यावर यायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. त्यांच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला कायम कुठला तरी रंग राहिलेला असे. लहानपणी मी त्यांचा हात हातात घेऊन नख बघायची आणि सांगायची, "आज हिरवा!" ते म्हणायचे, "कोणाच्या तरी खिडक्यांना लागणार बघ." आमच्या स्वतःच्या खिडक्यांना रंग नव्हता. त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही.

त्या पगारावर मी शिकले. पगाराबरोबर सरकारचंही सांगायला हवं. बारावीपर्यंत मी एसटीने मोफत पासवर शाळेत गेले. कॉलेजला शिष्यवृत्ती मिळाली, बी.एड.च्या वेळी वसतिगृहात जागा मिळाली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा बाबांनी हात साबणाने दोनदा धुतले आणि मगच तो धरला. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलेलं आहे की आपण नीट अर्ज केला, खरं लिहिलं, की सरकार आपलं ऐकतं. आजही माझा त्यावर विश्वास आहे. थोडा जखमी झालेला, पण आहे.

कारखाना बंद झाला तेव्हा मी एका हायस्कूलमध्ये तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. मालकांनी काम गुजरातला हलवलं. एका सकाळी बस नाक्यावर आली ती फक्त सगळ्यांना फाटकापर्यंत नेऊन नोटीस दाखवायला. बाबा दुपारीच घरी परतले. आईने विचारलं, "बरं नाही का?" ते म्हणाले, "मला बरं आहे. कारखान्याला बरं नाही."

दुसऱ्या दिवशी सवयीने त्यांना पहाटे जाग आली. डबा नव्हता, बस नव्हती. थोडा वेळ ओटीवर बसून राहिले आणि समुद्राकडून इंजिनाचा आवाज आला तसे उठून गेले. परत आले तेव्हा पँट मांडीपर्यंत ओली होती आणि हातातल्या पिशवीत मांदेली होती. चेहरा आदल्या दिवसापेक्षा बरा दिसत होता.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. पूर्वी रविवारीच जायचे. जिच्या टोपलीतून मासळी यायची ती एका तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्याची आई. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण आवाज असा की पार भरतीच्या लाटांवरून ऐकू यावा. सगळा किनारा तिला मावशी म्हणतो. बाबांना ती पोरा म्हणायची. बाबांची पन्नाशी उलटली होती, केस पांढरे झाले होते, तरी पोरा.

"काय र पोरा, कारखाना बुडला म्हनं?"

"बुडला मावशी."

"आमच्या चार होड्या बुडल्या. मानूस जिता हाय ना? मंग धर दोर."

आणि तिने टोपलीतून ओंजळ जरा मोठी काढली. रोज थोडी मोठीच काढायची. कोणी त्यावर काही बोललं नाही. आमच्या घरात त्या दिवसांत जे शिजत होतं त्यातलं बरंचसं तिच्या ओंजळीतलं होतं.

त्याच सुमारास अलिबागला सरकारी रोजगार मेळावा होता. मी बाबांना आग्रहाने घेऊन गेले. मंडपात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे कंपनीचा फलक. रांगेत सगळी विशीतली मुलं, कानात इअरफोन, हातात प्लास्टिकची फाइल. एका टेबलावरच्या मुलीने बाबांकडे बघून हसत विचारलं, "काका, मुलाला घेऊन आलात का?"

"नाही," बाबा म्हणाले. "मुलीने मला आणलंय."

ती ओशाळली. तिने तिचा कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाली की वयाची अट पस्तीसची आहे. पुढच्या टेबलावरही तीच अट. एका ठिकाणी सुरक्षारक्षक हवे होते, तिथे उंची मोजली आणि बाबा थोडक्यात कमी पडले. "डब्याचं झाकण बसवायला उंची लागत नव्हती," ते मला म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मंडपाबाहेर सरबत पिताना शेजारच्या एका माणसाने भत्त्याचं सांगितलं. कामावरून कमी झालेल्या माणसाला, त्याच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात असतील तर, सरकारी विम्यातून काही महिने अर्ध्या पगाराइतका भत्ता मिळतो. आयुष्यात एकदाच. बाबांचा विमा कापला जात होता, हे मला माहीत होतं.

मी त्याच आठवड्यात अर्ज भरला. मला आनंद झाला होता. इतकी वर्षं ज्या माणसाने माझ्या फीसाठी ओव्हरटाइम केला, त्याच्यासाठी मी शिकलेली मुलगी म्हणून काहीतरी करत होते. आमच्यासाठी तो भत्ता म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली सवड होती. तो मिळाला तर बाबांना लगेच मुंबईला जाऊन कुठल्या तरी सोसायटीच्या जिन्याखाली झोपून वॉचमनकी करावी लागणार नव्हती. कारखान्यातले त्यांच्या बरोबरीचे दोघे गेले होते. बाबांना ते नको होतं. ते बोलून दाखवत नव्हते, पण रात्री जेवताना मुंबईचा विषय निघाला की पानावरून लवकर उठत.

काही आठवड्यांनी फोन आला की चौकशीसाठी साहेब घरी येतील.

आईने आदल्या दिवशी ओटी सारवली. शेजारून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. साहेब स्कूटरवर आले. वयाने माझ्यापेक्षा थोडेच मोठे. बोलण्यावरून मराठवाड्याकडचे वाटले. बदली होऊन नुकतेच आले होते. समुद्राचा वारा, घाम, मच्छर यांनी हैराण झालेले. फार सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढून आत आले.

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला नुसत्या चहावर पाठवत नाहीत. आईने सकाळची मांदेली रव्यात घोळवून तळली होती. साहेबांनी आधी संकोच केला, मग एक खाल्ली, मग ताटलीच जवळ ओढली.

"काय ताजी आहेत हो! आमच्याकडे अशी मिळतच नाहीत."

"आजचीच आहेत," बाबा खुश होऊन म्हणाले. "सकाळीच होडीवरून आली."

"विकत घेतली?"

"छे! विकत कशाला? होडीला हात लावला की मिळते."

"म्हणजे तुम्ही जाता होडीवर?"

"रोज! एक दिवस चुकवत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेवढंच."

मी दारात उभी होते. मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. मी म्हटलं, "साहेब, ती इथली पद्धत आहे. जो मदत करेल त्याला थोडी मासळी देतात. काम नाही ते."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. पाहुण्यासमोर मुलीने वडिलांचं बोलणं खाली पाडायचं नसतं. आणि मग ते साहेबांकडे वळून म्हणाले, "काम कसं नाही? चांगलं कंबरडं मोडतं. बसून खाणारा माणूस नाही मी, साहेब. कोणालाही विचारा किनाऱ्यावर."

साहेबांनी मान हलवली, वहीत लिहिलं, हात धुतले, आईला "मांदेली फार छान" म्हणाले आणि गेले.

बाबा त्या संध्याकाळी फार समाधानी होते. त्यांना वाटलं होतं की ही चौकशी माणूस कसा आहे याची चौकशी आहे. आमच्याकडे सोयरीक जमवायला पाहुणे येतात तेव्हा घरचा माणूस किती कामसू आहे हे सांगायचं असतं. आळशी माणसाला कोण मुलगी देईल? सरकारसुद्धा भत्ता देण्याआधी तेच बघत असणार, असं त्यांनी धरलं. "मी काही करत नाही" असं दारी आलेल्या माणसाला सांगितलं असतं तर सरकारने या माणसाला भत्ता का द्यावा? त्यांना स्वतःला ही गोष्ट इतकी उघड वाटत होती की मला विचारायचंही त्यांच्या मनात आलं नाही. आणि मलाही, पुस्तकं वाचलेल्या मुलीला, ते असा विचार करत असतील हे आधी सुचलं नव्हतं.

अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश माझ्या मोबाइलवर आला. अर्जदार मासेमारी व्यवसायात कार्यरत असल्याचे आढळून आले, असं त्यात होतं.

मी तो बाबांना वाचून दाखवला. ते आधी हसले. "मी मासेमारी व्यवसायात? मला धड पोहता येत नाही!" दुसऱ्या दिवशी त्यांनी किनाऱ्यावर गंमत म्हणून सांगितलं की मी आता सरकारदरबारी कोळी झालो. तांडेल ओरडला, "मंग परवाना काढ दादूस, तुज्या नावानं सवलतीचं डिझेल आनू!" मावशी टोपलीवर वाकून हसत राहिली. सगळ्यांना वाटलं ती मजाच आहे. नाकारलं कशामुळे ते बाबांनी सांगितलं नाही, आणि मासळीमुळे नाकारलं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

घरी मात्र हसणं टिकलं नाही. आईने मीठ-भात वाढला तेव्हा बाबांनी विचारलं, "आता काय करायचं ग?" हे त्यांनी मला विचारलं, आईला नाही. त्यांनी मला कधीच काही विचारलं नव्हतं.

आम्ही दोघं कार्यालयात गेलो. साहेबांनी आम्हाला ओळखलं. टेबलाशी फार बोलले नाहीत, पण बाहेर येऊन आमच्याबरोबर टपरीवर चहा घेतला. कप हातात धरून म्हणाले, "काका, तुम्ही असं कसं सांगितलंत हो? तुमच्या तोंडून आलं तेच मी लिहिलं. मला दुसरं लिहिता येत नाही."

"पण ते काम नाही ना, साहेब," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत, मला आता कळलं. वरच्यांना कोण समजावणार? मोबदल्यात काही मिळतं ना? मग झालं." कप खाली ठेवून ते म्हणाले, "पुन्हा अर्ज करा, फेरचौकशी लावतो. पण एक करा. निकाल लागेपर्यंत किनाऱ्यावर दिसू नका. पुढच्या वेळी मीच येईन असं नाही. दुसरा कोणी आला आणि त्याला तुम्ही दोर ओढताना दिसलात, तर पुन्हा तेच."

त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. बाबांनी मात्र ते एखादं व्रत ऐकावं तसं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा घरात बसले. नुसते किनाऱ्यावर जायचे थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. पण नाक्यावर जायचं तरी ते आता मागच्या वाडीतून, नारळी-पोफळींच्या मधून जायचे, कारण पुढचा रस्ता किनाऱ्यावरून जातो. मग नाक्यावर जाणंही कमी झालं. सकाळी इंजिनाचा आवाज आला की ओटीवर बसल्या जागी त्यांची मान वर व्हायची. आवाजावरून त्यांना होडी कळायची. "तांडेलाची आली," ते स्वतःशीच म्हणायचे. मग पायाची बोटं जमिनीवर दाबली जायची, जशी ओल्या वाळूत रोवतात तशी. त्यांना ते कळत नसावं. मी बघत असायची.

आईने त्यांना तांदूळ निवडायला दिले. त्यांनी इतके स्वच्छ निवडले की आई म्हणाली, "दाणे मोजलेत काय?" दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ त्यांनी पुन्हा सुपात घेतले. एकदा मी जवळ बसले असताना सहज त्यांचा हात हातात घेतला, लहानपणी घ्यायची तसा. नख अगदी स्वच्छ होतं. कुठला रंग नाही, वाळू नाही, मासळीचा वास नाही. त्यांनी हात काढून घेतला.

बाबा येत नाहीत म्हटल्यावर मावशीला वाटलं ते आजारी आहेत. तिने घरी मासळी पाठवली, ताजे बोंबील, केळीच्या पानात. पान बाबांच्या हातात होतं. ते मला म्हणाले, "हे लागेल का ग?"

"काय लागेल?"

"चौकशीला. घरी आलेलं. तेसुद्धा मिळालेलंच ना?"

मी म्हटलं, "नाही बाबा, हे कोण बघतंय?"

"बघत नसेल. पण साहेबाने विचारलं मासळी मिळते का, तर मी काय सांगू? खोटं सांगू?"

मी खूप समजावलं. आईने समजावलं. पण एकदा खरं सांगून त्यांचं नुकसान झालं होतं, आणि आता त्यांना खरं सांगूनच ते भरून काढायचं होतं. चौकशीत "नाही" म्हणताना खोटं बोलावं लागू नये म्हणून, त्यांच्या घरात आता खरंच काही येत नसायला हवं होतं. त्यांनी ते पान आईच्या हाती परत पाठवलं.

आमच्या गावात होडीची मासळी कोणी परत पाठवत नाही. मयताच्या घरीसुद्धा, सुतक असताना, ती घेऊन ठेवतात आणि शेजाऱ्याला देतात. परत करत नाहीत. परत केली म्हणजे तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही असं म्हटल्यासारखं होतं. आमच्यासारख्या कोळीवाड्याबाहेरच्या माणसाने परत केली तर त्याचा अर्थ आणखीच वाईट. आई सांगते, ती पान घेऊन गेली तेव्हा मावशी दारात जाळं झटकत होती. तिने पानाकडे बघितलं.

"आमची मासली कडू लागाय लागली काय ग?"

"नाही हो मावशी. त्यांचं पोट बरं नाही."

"पोट बरं न्हाय तर तू खा. पोरगी खाईल." मग म्हणाली, "ठेव तितं."

आई परत आली ती रडतच. "सांगून टाकू का तिला?" तिने बाबांना विचारलं. बाबांनी हात जोडले, अगदी खरोखर जोडले. म्हणाले, "नको. उद्या साहेब किनाऱ्यावर विचारायला गेले तर ती माझ्यासाठी खोटं बोलेल. ऐंशी वर्षांच्या बाईला मी खोटं बोलायला लावू? निकाल लागू दे. मग मी स्वतः जाऊन सांगतो, पाया पडतो."

मावशीने त्यानंतर पुन्हा एकदाच पाठवलं. तेही परत गेलं. मग काही आलं नाही.

फेरचौकशीला शेवटी तेच साहेब आले, न सांगता, भर दुपारी. ओटी सारवलेली नव्हती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, अंगात बनियन होतं. खुर्च्या आणायला मी धावले तर साहेब म्हणाले राहू द्या, आणि खाली बसले. आईने कोरा चहा दिला. दूधही नव्हतं त्या दिवशी.

"आज मांदेली नाही का काकू?" साहेब हसून म्हणाले.

आईने साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांचं हसू विरलं. त्यांनी वही काढली.

"काका, सध्या काय करता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. आईकडेही नाही. दारातून समोरच्या उन्हाकडे बघत ते म्हणाले, "काही नाही साहेब. मी काही करत नाही."

"कुठून काही मिळतं?"

"नाही. आता कोणी काही देत नाही."

साहेबांनी लिहिलं. "झालं काका. या वेळी होईल," ते म्हणाले, आणि उठताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. ते गेल्यावर बाबा तसेच बसून राहिले. आई चहाचा कप उचलायला वाकली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "बरोबर बोललो ना?" आई म्हणाली, "बरोबर."

भत्ता मंजूर झाला. पैसे बाबांच्या खात्यात आले. मला हे स्वच्छ लिहायलाच हवं की त्या पैशांनी आमचं घर तेव्हा चाललं, आईची औषधं आली, पावसाआधी पत्रे बदलले गेले, आणि बाबांना मुंबईला जावं लागलं नाही. ज्याने कोणी ही योजना केली त्याचे मी मनापासून आभार मानते. ते पैसे आले नसते तर आमचं काय झालं असतं, ते मला माहीत आहे. पण आले तेव्हा काय झालं तेही मला माहीत आहे, आणि आभाराबरोबर ते लिहिलं नाही तर मी अर्धवट लिहिलं असं होईल.

पैसे आले त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या जातो." पण जायच्या आधीच आईला राहवलं नाही. रेशनच्या दुकानात मावशीची सून भेटली, आईने सगळं सांगून टाकलं. भत्त्याचं, चौकशीचं, मासळी का परत पाठवली त्याचं. तिला वाटलं आता सगळं मोकळं होईल. सून म्हणाली, "सांगते आयेला." रात्रीपर्यंत मावशीचा काही निरोप आला नाही.

सकाळी मी बाबांबरोबर गेले. शाळेला सुट्टी होती. बाबांनी जुनी पँट घातली, खिशात कापडी पिशवी घडी करून ठेवली आणि पुढच्या रस्त्याने निघाले, कित्येक महिन्यांनी. वाटेत दोनदा थांबले. "आधी पाया पडतो, मग बोलतो," मला म्हणाले.

होडी लागत होती. हात लावायला माणसं कमीच होती, तांडेल आणि त्याचे खलाशी, आणखी एकदोघे. बाबा पँट वर करत पाण्याकडे गेले, दोर धरायला हात पुढे केला. मावशी टोपलीशी बसली होती. ती त्यांच्याकडे बघून उठली. वाकलेली बाई, तिला उठायला वेळ लागतो. बाबा तिच्या पायाशी वाकले. तिने पाय मागे घेतला नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही.

"मावशी, चुकलं माझं. मला सांगता आलं नाही."

"सांगितलं तुमच्या बायकोनं," ती म्हणाली. "बरं झालं, सरकारचं मिलालं."

बाबा सरळ झाले. त्यांनी दोराकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. माझ्या शाळेतल्या बाई पालकांशी बोलतात तसा आवाज होता. "तुमी कशाला तरास घेता? हायत पोरं. तुमच्या कपड्यांना वाळू लागंल."

तुमी. मी त्या किनाऱ्यावर लहानाची मोठी झाले. मावशीने मास्तरांना तू म्हटलेलं मी ऐकलं आहे. एकदा बंगलेवाल्या मुंबईकर पाहुण्यांना ती तुमी म्हणत होती, मासळी विकत घ्यायला आले होते ते. बाबांना तिने कधी, माझ्या आठवणीत एकदाही, पोराशिवाय हाक मारली नव्हती.

तांडेलाने खाली बघत दोर दुसऱ्या हातात घेतला. "हां, ओढा र," तो खलाशांना म्हणाला. होडी हलली. तिला हात कमी पडत होते, दोनदा ती मागे घसरली. बाबा बाजूला उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, पायावरून पाणी येत-जात होतं. दुसऱ्यांदा घसरली तेव्हा त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले आणि मग त्यांनी ते मागे घेतले. होडी वर गेली. मावशीने टोपलीतून ओंजळी काढून ज्याची त्याला दिली. शेवटी टोपली कमरेला लावून ती आमच्यासमोरून गेली. "बरं, येताव," म्हणाली.

पुढच्या रस्त्याने गेलो होतो, येताना मागच्या वाडीतून आलो. अंगणात त्यांनी पाय धुतले, पँट खाली केली. आई आतून धावत आली. तिने त्यांच्या हाताकडे बघितलं, मग खिशाकडे. पिशवी घडीच्या घडी होती.

"काय झालं? भेटली का?"

"भेटली," बाबा म्हणाले. "पाया पडलो. राग नाही तिच्या मनात."

"मग? होडीला हात नाही लावलात?"

बाबांनी गमछ्याने पाय पुसले, एकेक बोट वेगळं करून.

"माणसं पुष्कळ होती आज," ते म्हणाले. "माझी गरज नव्हती."

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. पुष्कळ होती."